खाण कुणाची होती?

आमची रात्रशाळा परळमधल्या एका दिवसाच्या शाळेच्या इमारतीत भरते. दिवसा तिथे आठ-दहा वर्षांची मुले बसतात, त्यामुळे बाके त्यांच्या मापाची आहेत आणि माझ्या दहावीच्या वर्गाला गुडघे बाहेर काढून तिरके बसावे लागते. साडेसहाला तास सुरू होतो तेव्हा निम्मा वर्ग रिकामा असतो. सातपर्यंत एकेक जण येत राहतो. कुणी कुरिअरची पाठपिशवी घेऊन येतो, कुणी वडापावच्या गाडीवरून हाताला बेसनाचा वास घेऊन येतो, तर कुणी सुरक्षारक्षकाच्या गणवेशातच येतो, कारण शाळा सुटल्यावर त्याला थेट रात्रपाळीला उभे राहायचे असते. चाळिशीच्या एक बाई आहेत. त्या चार घरचा स्वयंपाक आटोपून येतात आणि न चुकता पहिल्या बाकावर बसतात. मी इथे मराठी शिकवतो, त्याला आता बावीस वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या आणि वर्गात नऊच जण उरले. नवा धडा घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा वाचून दाखवली. वारणाकाठचा भीमा नावाचा दांडगा गडी पोटासाठी मुंबईला येतो आणि उपनगराच्या कडेला, जंगलालगतच्या वस्तीत राहून दगडाच्या खाणीत कामाला लागतो. अंगात ताकद असल्यामुळे काम जमते, बायको आणि लहान लेक यांचे पोट भरते, दिवस बरे जाऊ लागतात. मग एके दिवशी खाण बंद पडते. बेकारीत भटकताना स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते, आणि दगड फोडणारे हात राख चाळू लागतात, मढी उकरू लागतात. शेवटी एका रात्री पुरलेल्या प्रेतासाठी कोल्ह्यांच्या टोळीशी त्याची झुंज होते. माणूस आणि जनावर एकाच मढ्यावर हक्क सांगत एकमेकांना फाडतात, आणि कोल्ह्यांना हरवणारा भीमा मेलेल्या माणसाच्या जबड्याकडून हरतो. त्याची बोटे त्या दातांत अडकतात. कसाबसा जीव वाचवून तो घरी येतो, दोन बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. हत्तीसारखा गडी लहान मुलासारखा रडतो.

कथा संपली तेव्हा वर्ग शांत होता, आणि ही शांतता माझ्या ओळखीची होती. इथे मी सहसा एक-दोन मिनिटे थांबतो आणि मग करुण रसाकडे, माणसाच्या हतबलतेकडे, शेवटच्या कलाटणीकडे वळतो. या वेळी मी तोंड उघडण्याच्या आत वडापावच्या गाडीवरच्या मुलाने विचारले, “सर, खाण बंद का पडली?”

मी म्हणालो, ते कथेत दिलेले नाही.

“आणि खाण होती कुणाची?”

तेही कथेत दिलेले नाही, असे मी सांगितले. ‘असं कसं,’ असा चेहरा करून त्याने वही मिटली. मला मात्र त्या रात्री चालत घरी जाताना लाज वाटत होती, कारण ही कथा मी वर्गात आणि वर्गाबाहेर निदान पंधरा वेळा वाचली असेल, तिच्यावर एका महाविद्यालयात टाळ्या घेणारे भाषणही केले आहे, आणि या दोन प्रश्नांपैकी एकही मला कधी पडला नव्हता. कोल्ह्यांवर मी दहा मिनिटे बोललो होतो. खाणीवर एक वाक्यसुद्धा नाही.

हा दोष माझा एकट्याचा असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या भाषेतच त्याची सोय आहे. मराठीत गरिबीबद्दल बोलण्यासाठी जितके वाक्प्रचार आहेत त्यातल्या बहुतेकांत करणारा कुणी नसतो. दारिद्र्य ‘अठराविश्वे’ असते, ते ‘पाचवीला पुजलेले’ असते, ते ‘नशिबी येते’ किंवा ‘वाट्याला येते’. घरात दोन वेळचे अन्न नव्हते असे सरळ न म्हणता आपण ‘परिस्थिती बेताची होती’ असे म्हणतो, आणि त्याहून पुढे जाऊन नुसतेच ‘परिस्थिती नव्हती’ असेही म्हणतो, जणू परिस्थिती ही फक्त पैसेवाल्यांनाच असते. पाऊस यावा, थंडी पडावी तशी गरिबी येते आणि पडते. कुणीतरी काहीतरी घेतले म्हणून दुसऱ्याकडे ते उरले नाही, हा साधा व्यवहार या वाक्यांमध्ये मावतच नाही.

तो मावेल असे वाक्य मराठीत सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून झालेले आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केले. विद्येविना मती गेली इथून सुरू होणाऱ्या त्याच्या आरंभीच्या ओळी शाळेच्या भिंतींवर इतक्या रंगवल्या गेल्या की त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, पण शेवटच्या ओळीचे क्रियापद पाहावे: इतके अनर्थ एका अविद्येने ‘केले’. ‘झाले’ नाही. पुढे पुस्तकभर हेच चालते. शेतकऱ्याच्या घरी मूल पोटात असल्यापासून माणूस मरून त्याची श्राद्धे होईपर्यंत कोणकोणत्या निमित्ताने कोण येतो आणि काय घेऊन जातो, कचेरीत कोण किती खातो, याची फुले यादीच देतात. साहित्य म्हणून ती यादी रूक्ष वाटते, अशी तक्रार मी विद्यार्थिदशेत केली होती. आता मला वाटते की ज्याच्या घरातून वस्तू गेल्या आहेत त्याला पोलीस ठाण्यात जी यादी द्यावी लागते तीही रूक्षच असते.

मग अण्णा भाऊंनी खाणीच्या मालकाचे नाव का घातले नाही? त्यांना माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. वाटेगावाहून पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडपट्टीत राहून लिहिणारा आणि लाल बावटा कला पथकातून कामगारांच्या सभा गाजवणारा हा माणूस मालक कोण आणि मजूर कोण हे पुरते ओळखून होता. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, हे १९५८ मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनीच सांगितले. ज्याला हे व्यासपीठावर सांगता येत होते त्याला कथेत एका मालकाला पोट सुटलेला, चिरूट ओढणारा असा उभा करणे अवघड नव्हते. त्या काळच्या कितीतरी चित्रपटांत तो तसा उभा होताच.

पहिले काही दिवस मला ही कथेची उणीव वाटली. मत बदलले ते एका वहीमुळे, आणि ती वही कुठल्याही ग्रंथालयातली नव्हती, आईच्या पेटीतली होती.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवत आणि आई घरी खाणावळ चालवत असे. गिरणगावातल्या खाणावळीचे चित्र नव्या पिढीपुढे नसेल म्हणून थोडे सांगतो. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून इथे एका गाळ्यात दहा-पंधरा जण मिळून राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाने उठावे आणि दुसऱ्याने त्याच वळकटीवर आडवे व्हावे, अशी व्यवस्था असे. यांचे जेवण चाळीतली एखादी बाई करी. पगार महिन्याने होई, म्हणून खाणावळीचे पैसेही महिन्याने मिळत. मधले तीस दिवस धान्य, रॉकेल आणि मासळी यांना लागणारा पैसा त्या बाईने कुठून आणायचा हा तिचा प्रश्न असे. तो ती वाण्याच्या उधारीतून, सावकाराच्या व्याजातून, नाहीतर हातातल्या पाटल्या गहाण टाकून सोडवी. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले तोपर्यंत ही सारी उलाढाल कुणाच्याही हिशेबात धरलेली नव्हती. गिरणीचे भोंगे आणि कापडाचे तागे यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन्ही वेळ चुलीपुढे बसून ती गिरणी चालवणाऱ्या बायकांवर त्या मानाने फारच थोडे.

आईची वही लांबट, लाल कापडाच्या बांधणीची आहे, वाण्याकडे असते तशी. प्रत्येक जेवणाऱ्याला एक पान. वर नाव, गाव आणि गिरणी. खाली रोजच्या जेवणाची उभी रेघ, आणि माणूस ज्या दिवशी जेवायला आला नाही त्या दिवसापुढे ‘खाडा’ हा शब्द. उजवीकडे ‘जमा’. आईचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईत आहे, पण आकडा एकही चुकलेला नाही. १९८२ च्या आरंभी या वहीत अठरा पाने चालू आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हा संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. वहीत याची नोंद नाही. ‘संप’ हा शब्दच तिच्यात नाही. दिसते ते इतकेच की फेब्रुवारीपासून डावीकडच्या उभ्या रेघा चालू आहेत आणि उजवीकडचा रकाना कोरा आहे. मार्चमध्ये खाडे वाढतात. कारण ते शहरात असूनही जेवायला येत नव्हते; उधारी वाढू नये म्हणून एकवेळ पाव-चहावर काढत असावेत, असे आई सांगे. मग एकेका पानाच्या शेवटी दोन शब्द येतात, ‘गावी गेला’. मे महिन्यापर्यंत सहा पानांवर, गणपतीपर्यंत अकरा पानांवर. शेवटची चार पाने दिवाळीपर्यंत रखडतात आणि तिथे वही थांबते. पुढची पाने कोरी आहेत; त्यातल्या काहींवर मी त्या वयात मोटारींची चित्रे काढली आहेत. आईने ती बाकी कधी मागितली नाही आणि माफही केली नाही. वही तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पेटीत ठेवली.

वडापाववाल्या मुलाचा प्रश्न डोक्यात असताना मी ही वही पुन्हा उघडली तेव्हा प्रथमच लक्षात आले की या वहीप्रमाणे आमचे देणेकरी म्हणजे ते अठरा जण. कुणी मालवणचा, कुणी पाटणचा, कुणी चंदगडचा. ज्यांच्या गिरण्यांनी त्यांचा पगार ठरवला, वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून ठेवून माणसाला दाराशी ताटकळत ठेवले आणि पुढे ज्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले त्यांच्या नावाचे पान वहीत नाही. आईला ती नावे ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तरी त्यांचे पान कसे उघडायचे? ते कधी आमच्याकडे जेवायला आले नव्हते.

भीमाच्या कथेत मालक नसण्याचे कारण मला इथे सापडले असे वाटते. मालक भीमाच्या आयुष्यातच नाही. खाण बंद झाली ही त्याच्यासाठी एक बातमी आहे आणि खाण सुरू झाली हीदेखील एक बातमीच. मधले सारे, म्हणजे कोल्हे, राख, बायकोचे भय, कापलेली बोटे, हे त्याच्या अंगावरचे आहे. ज्या ठिकाणी निर्णय होतो ते ठिकाण त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही आणि म्हणून त्याचा सगळा राग, सगळी ताकद शेवटी कोल्ह्यांवर खर्च होते. अण्णा भाऊंनी मालक दाखवला असता तर वाचकाला शिव्या घालायला एक माणूस मिळाला असता आणि त्याचे मन मोकळे झाले असते. ते त्यांनी होऊ दिले नाही. बायको स्मशानातल्या भुतांचे भय घालते तेव्हा खरी भुते घरांत राहतात, अशा अर्थाचे भीमा तिला सुनावतो. मालकाचा उल्लेख म्हणायचा तर तो तेवढाच.

हे नेहमी असेच करावे असा नियम अर्थातच नाही. बाबुराव बागूल नेमके उलट करतात. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा आणि ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ चा. या दोन्हींत पिळणारा माणूस हाताच्या अंतरावर उभा असतो. त्यांच्या ‘आई’ या कथेची सुरुवात शाळेच्या वर्गात होते. मास्तर आईच्या वात्सल्याची कविता रंगून शिकवत आहेत, मुले भारावली आहेत, आणि तास संपताच तीच मुले पांडू नावाच्या मुलाला त्याच्या आईवरून नको ते बोलतात. आई तरुण विधवा, बांधकामावर राबणारी. काम देणे न देणे मुकादमाच्या हातात. पुढे वस्ती ज्या नजरेने तिच्याकडे पाहते त्याच नजरेने मुलगाही पाहू लागतो. मला या कथेत सर्वात जास्त टोचतो तो मास्तर. तो दुष्ट नाही. कविता त्याने मनापासून शिकवली आहे, त्याच्या आवाजात ओलावा आहे, आणि आपल्यासमोर बसलेल्या एका मुलाच्या घरात ती कविता काय करील याची त्याला कल्पनाही नाही. आईवरच्या कविता मीही शिकवल्या आहेत, आवाजात ओलावा आणून.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कामाठीपुऱ्याच्या वस्तीतून आलेल्या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा याच शहरात हयात काढलेल्या त्या नाटककाराला कितीतरी शब्दांचे अर्थ कवीला विचारून घ्यावे लागले. ही हकिकत लोक गमतीने सांगतात. मला ती गमतीची वाटत नाही. कामाठीपुरा आणि गिरगाव यांच्यातले अंतर टॅक्सीने दहा मिनिटांचे होते आणि शब्दकोश मात्र दोन होते.

नारायण सुर्व्यांकडे शोषणाचे एक वेगळेच हत्यार दिसते, ते म्हणजे शाळेचा दाखला. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ या कवितेत शरीर विकून जगणारी एक बाई आपल्या पोराला शाळेत घालायला आली आहे, आणि बापाच्या नावाच्या रकान्यापाशी गाडी अडते. तिची अडचण भूक नाही, पोराला शिकवण्याची इच्छा नाही असेही नाही. तिच्या आणि शाळेच्या मध्ये उभी आहे एक कोरी जागा. सुर्वे हे कल्पनेने लिहीत नव्हते. १९२६ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले आणि आपले नाव दिले. गंगाराम निवृत्त होऊन कोकणात परतले तेव्हा त्या मुलाच्या हातावर त्यांनी दहा रुपये ठेवले, आणि तिथून पुढे त्याचे विद्यापीठ म्हणजे ही मुंबई. पुढे ते शाळेत शिपाई झाले, मग मास्तर. म्हणजे कवितेतल्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना ते बसलेले होते. मी जूनमध्ये प्रवेशअर्ज भरून घेतो तेव्हा हा रकाना आला की आजही माझे पेन क्षणभर थबकते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या नावाआधी येते. ती मुले माझ्या रात्रशाळेत येईतोवर मी निवृत्त झालेलो असेन.

दया पवारांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) मुंबईतल्या कावाखाना या वस्तीतल्या बायका रस्त्यांवरून चिंध्या, कागद, काचा, लोखंड वेचून आणतात, निवडून वेगळे करतात आणि विकायला नेतात. प्रत्येक जिनसाचा ढीग वेगळा आणि भाव वेगळा, याची पवारांना असलेली जाण पाहण्यासारखी आहे. पुस्तक आले तेव्हा पांढरपेशा वाचक हळहळला आणि वस्तीतल्या काही जणांना मात्र आपली लक्तरे वेशीवर टांगल्यासारखे वाटले. या दुसऱ्या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वाचणाऱ्याने ते पुस्तक चिंध्यांच्या भावासाठी वाचले की चिंध्यांसाठी, यावर ती तक्रार खरी की खोटी हे ठरते.

आणि वाचणाऱ्याबद्दल बोलायचे तर मलपृष्ठांवरचे शब्द पाहावेत. ‘चटका लावणारे’, ‘विदारक’, ‘काळीज पिळवटून टाकणारे’. भाजल्यावर, फाटल्यावर, पिळल्यावर जे होते ते सारे वाचकाला होते. ज्याच्याबद्दल पुस्तक आहे त्याला काय झाले आणि कुणामुळे झाले, ते त्या मजकुरात सापडत नाही. मी स्वतः एका स्मरणिकेत एका कवितासंग्रहाबद्दल ‘विदारक’ हा शब्द दोनदा वापरला आहे. वाचून रडणे हे वाईट नाही. मात्र रडून झाल्यावर आपण त्या पुस्तकाचे काही देणे फेडले असे वाटू लागते, तिथे माझे मन आता अडखळते.

या बाबतीत सर्वात कठोर पुस्तक मला जयंत पवारांचे ‘अधांतर’ वाटते. संप बुडाल्यानंतरचे गिरणगावातले एक घर, त्यातली आई आणि हाताला काम नसलेली मुले, एवढेच नाटक. १९९७ साली ते रंगभूमीवर आले तेव्हा मी प्रेक्षागृहात होतो आणि मध्यंतरात चहा घ्यायला उठलो नव्हतो. यातला एक मुलगा गुंडांच्या वाटेने जातो हे अपेक्षित होते, कारण त्या वर्षांत आमच्या चाळीतूनही दोघे तसे गेले. अनपेक्षित होता तो लेखक होऊ पाहणारा थोरला, बाबा. घर त्याच्याभोवती ढासळते आहे आणि तो साहित्याच्या गोष्टी बोलतो आहे. त्या घरातल्या जगण्याला साहित्याचा काय उपयोग, हा प्रश्न पवारांनी एका साहित्यिक होऊ पाहणाऱ्याच्या तोंडासमोर धरला, आणि पवार स्वतः त्याच वस्तीतून आलेले लेखक होते. प्रेक्षागृहात मी ज्या मुलावर चिडलो तो मीच होतो, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. आई वही बांधून ठेवत होती तेव्हा मी कविता करत होतो.

पुढच्या आठवड्यात लोकल सुरळीत झाल्या आणि वर्ग भरला. पहिल्या दिवशी नसलेल्यांनी गोष्ट ऐकायचा आग्रह धरला, म्हणून मी ती पुन्हा वाचली. या वेळी शेवटानंतर मी करुण रसाचे नावही काढले नाही. वडापाववाल्या मुलाचे दोन प्रश्न फळ्यावर लिहिले आणि बाजूला होऊन उभा राहिलो.

खाण का बंद पडली याची चर्चा लवकर आटोपली. मालाला उठाव नसेल, परवाना अडकला असेल, मजुरी वाढवून मागितली असेल म्हणून जरा उपाशी ठेवले असेल. सगळ्यांना सगळीच कारणे पटली, कारण प्रत्येकाने आपापल्या कामाच्या ठिकाणी त्यातले एखादे पाहिले होते. कुरिअरवाल्या मुलाचे मोबाईलवरचे कामाचे खाते मागच्या महिन्यात सहा दिवस बंद होते. का ते त्याला कुणी सांगितले नाही, सातव्या दिवशी सकाळी ते चालू झालेले दिसले, तेही का ते कळले नाही. “मोबाईलमध्येच कळतं, सर. माणूस असा कुणी भेटतच नाही,” तो म्हणाला. त्या सहा दिवसांत गाडीचा हप्ता चुकला होता.

मग वर्ग माझ्या फळ्यावर नसलेल्या प्रश्नाकडे वळला. खाण सुरू झाल्यावर भीमाला परत घेतले का?

“घेतलं असेल,” पहिल्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, “पण बिगाऱ्याच्या रोजावर. माझ्या बहिणीचा हात भाजला तर बाईसाहेबांनी काढलं नाही तिला, पाचशे रुपये कमी केले.”

सुरक्षारक्षकाने हात वर केला. हा आधी भिवंडीजवळ एका कारखान्यात प्रेस मशिनवर होता आणि तिथे बोटे गेलेली माणसे त्याने पाहिली होती. “बोटांचा रेट असतो, सर,” तो म्हणाला. खरोखरच असतो. १९२३ मध्ये झालेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते, त्यात अंगठ्याच्या पेरापासून दोन्ही डोळ्यांपर्यंत प्रत्येक अवयवापुढे कमाईची ताकद किती टक्के घटली ते छापलेले होते. एका हाताची दोन बोटे गेली तर वीस टक्के. मी ते सांगितल्यावर त्याने समाधानाने मान हलवली आणि लगेच म्हणाला, “पण त्याला नाय मिळणार. ड्युटीवर नव्हता ना तो. मसणात तुटली.”

“खाण बंद नसती तर मसणात गेला असता का?” वडापाववाला म्हणाला.

“ते त्यांना लिहून दे.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे तळव्यात दुमडली, उरलेल्या बोटांनी माझ्या टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि घण धरतात तशी खांद्यापर्यंत नेली. पट्टी एका बाजूला कलली. त्यांनी पकड बदलली, पुन्हा उचलली. मागच्या बाकावरच्या मुलांनी पाण्याच्या बाटल्या उचलून पाहिल्या, कुणी छत्री धरून पाहिली. शेजारच्या वर्गाची घंटा झाली, तरी कुणी उठेना. सुरक्षारक्षक तेवढा पाळीला उशीर होईल म्हणून दारापर्यंत गेला होता आणि तिथून, दोन बोटे दुमडून, खांद्यावरचा पिशवीचा पट्टा सारखा करून पाहत होता.